सभागृहातला हशा

"कट! आता कोण हसलं?" दिग्दर्शक कडाडला.

सभागृहाच्या सेटवर सभासद होऊन बसलेल्या मंडळींनी माना खाली घातल्या. त्यांचा तरी काय दोष? राजीनाम्याचं भाषण करायला समोर 'गुदगुल्या' नावाने गाजलेला नकलाकार उभा होता. हा माणूस नुसता दारातून आत आला तरी लोकांची हसून पुरेवाट व्हायची. साहेब मुख्यमंत्री असताना त्यांच्याच नकला करून तो मोठा झाला. बोलता बोलता थांबून चष्मा पुसायची त्यांची सवय त्याने अशी काही रंगवली, की साहेब वारले तरी लोक त्या चष्म्याला हसत होते.

आणि आता साहेबांवरच्या चित्रपटात तोच साहेब झाला होता.

दिग्दर्शक जवळ येऊन हळूच म्हणाला, "आणखी एकदा हसले, तर दुसरा नट बघावा लागेल. निर्माते माझं ऐकेनासे झालेत."

लोकांना हसवून हसवून गुदगुल्याला वीट आला होता. एकदा तरी लोकांनी आपल्याकडे बघून गप्प बसावं, एवढंच त्याला हवं होतं. पटकथेतही 'सभागृह स्तब्ध' असंच लिहिलेलं. म्हणून चष्म्याच्या वाटेला जायचंच नाही, असं त्याने ठरवलं होतं.

कॅमेरा सुरू झाला. तो बोलू लागला. कोणी हूं की चूं केलं नाही. त्याच्या जिवात जीव आला.

"चष्मा पुसायचा राहिला," कॅमेऱ्याशेजारून आवाज आला. साहेबांच्या पत्नी होत्या. सगळे त्यांना वहिनी म्हणत.

गुदगुल्याने हात जोडले. "वहिनी, तेवढं सोडा ना. चष्म्याला हात लावला की संपलं माझं."

"पुसा."

वहिनींच्या परवानगीवर चित्रपट उभा होता. दिग्दर्शकाने मुकाट्याने कॅमेरा पुन्हा सुरू करायला लावला.

गुदगुल्या बोलता बोलता थांबला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसू लागला. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळं सभागृह खदखदू लागलं. त्याच्या तोंडून पुढचं वाक्य फुटेना. सगळं हातचं गेलं होतं. दिग्दर्शक 'कट' म्हणणार, तोच वहिनींनी त्याला हाताने अडवलं.

"ह्यांनी राजीनामा दिला त्या दिवशी मी वर प्रेक्षक गॅलरीत बसले होते," त्या गुदगुल्याला म्हणाल्या. "सगळे असेच हसले होते. तरी ह्यांनी भाषण पुरं केलं. तुम्ही का थांबलात?"