डोमाचं परदेशातलं वर्ष

नागनाथ एकटाच आला. दोन पिशव्यांपैकी एक त्यानं अंगणातल्या लिंबाच्या फांदीला अडकवली आणि दुसरी घेऊन ओसरीवर चढला.

"ते काऊन बाहेर ठेवून राह्यला बाप्पा?" बयनाबाईनं विचारलं.

"ते घरात न्यायचं नसते मावशी."

"बाटली असंल," बाजेवरून माणिकराव म्हणाले. "तिकडं पाण्याऐवजी तेच पेतात म्हणे. राहू दे तिथंच, संध्याकाळी पाहू."

बयनाबाईनं नवऱ्याकडे डोळे वटारले. नागनाथनं हसल्यासारखं केलं. आल्या वाटेवर ओढ्यात डुबकी मारून आला असावा, केस अजून ओले होते.

डोमा हा बयनाबाईचा एकुलता एक. तो आणि शेजारचा नागनाथ आदिलाबादकडच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्यानं फ्रान्सची यंत्रं घेतली आणि ती चालवायला शिकावं म्हणून दोघांना वर्षभरासाठी त्या देशाच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका गावी धाडलं. त्यांच्या भीमपूर गावचा माणूस तोवर हैदराबादच्या पुढं गेला नव्हता.

वर्ष सरलं होतं. तलमडुगुच्या बाबारावांनी आपली लेक डोमासाठी थांबवून धरली होती. आज दिवस मावळायच्या आत ते जबाब न्यायला येणार होते. मुलगा कधी येतो, एवढं एकच त्यांना पक्कं हवं होतं.

"कवा येते डोमा?" बयनाबाईनं विचारलं.

"सांगतो. मी पुढं आलो. आधी जेवण होऊ द्या. तुमीही ताटावर बसा, दोघंही."

"बाईमाणूस मागून जेवते."

"मंग मी उठतो."

दसऱ्याच्या हिवतापापासून बयनाबाईचं जेवण तुटलं होतं. अर्धी भाकर खाल्ली की हात धुवायची. नागनाथ लहानपणापासून घरच्यासारखा, त्याला ते कुणीतरी सांगितलं असेल. त्यानं अटच घातली, "मावशीनं घास घेतला का मी गोष्ट सांगीन. घास नाई तर गोष्ट नाई."

"हा तर मलेच लेकरू समजून राह्यला!" ती हसली, आणि भरताचा घास घेतला.

"तिथं एक वारा सुटते. सुटला का आठ-आठ दिवस थांबत नाई. कौलावर दगड ठेवतात लोक. डोमाची टोपी उडाली. तो मागं धावला तो थेट त्यायच्या देवळाच्या, चर्चच्या पायरीवर जाऊन आपटला. आत लग्न लागलं होतं. लोकांनी त्यालेच उचलून पंगतीत बसवलं."

"फुकटचं जेवण कुठंबी सापडते त्याले," माणिकराव म्हणाले.

"खा मावशी. तिथले म्हातारे झाडाखाली लोखंडाचे गोळे फेकतात. गोट्याच, पण मोसंबीएवढ्या. डोमानं सगळ्यायले हरवलं. रोज दारात येऊन बसत, आज येतो का म्हणून."

माणिकरावांची छाती फुगली. "गोट्यांपायी किती झोडपला मी त्याले!"

"आन खायाचे काय हाल?" बयनाबाईनं विचारलं.

"घरमालकीण सत्तरीची म्हातारी. डोमानं ज्वारीचं पीठ कुठून तरी मिळवलं, भाकरी थापल्या. म्हातारी म्हणे, हे तर आमी कोंबड्यायले घालतो. डोमा म्हणे, म्हणून तर मी कोंबड्यावानी पहाटे उठतो."

बयनाबाईला ठसका लागला. नागनाथनं पाणी पुढं केलं, पाठ थोपटली, आणि तिच्या ताटात स्वतः भाकर वाढली. द्राक्षं तोडायच्या सुगीत डोमा बायांच्याही पुढं कसा जायचा, तेही सांगितलं. कापूस वेचलेल्या बोटांना द्राक्षं काय जड?

"आन समुद्र? पाणी चाखून पाहीन म्हणत होता."

"चाखलं," नागनाथ म्हणाला. "भाकर वाढा मावशी."

त्याच्या ताटात अर्धी भाकर तशीच होती. बयनाबाईचा हात थांबला. आईचं मन, लगेच संशय घेतं.

"नागनाथ, खरं सांग. त्यानं तिथं गोरी बाई तर नाई ना केली?"

"नाई मावशी. गळ्याची आन. त्याच्या मनात तलमडुगुचीच होती."

"ऐकलं का?" ती नवऱ्याला म्हणाली. "मी म्हणत नव्हते?" तिचा जीव भांड्यात पडला. मग शेवया वाढल्या, गुळाच्या, वरून दूध. नागनाथनं आपली वाटी बाजूला सारली, दाढ दुखते म्हणाला. तिला मात्र दोनदा घ्यायला लावल्या. ताट पुसून खाल्लं तिनं. कित्येक महिन्यांत एवढी जेवली नव्हती.

हात धुऊन माणिकरावांनी पान लावलं. नागनाथनं दोर-बादली उचलली आणि विहिरीवर गेला. खेपेवर खेप आणून न्हाणीतला रांजण भरू लागला.

"पाहा!" माणिकराव म्हणाले. "समुद्रापलीकडून आलेला माणूस आमच्या घरी पाणी भरून राह्यला!"

"ठेव रे ते," बयनाबाई पदराला हात पुसत परसात आली. "जेवली बाप्पा, पोटभर जेवली. आता सांग. बाबारावले काय सांगू? कवा येते माझा डोमा?"

नागनाथनं शेवटची बादली न्हाणीच्या दगडावर ठेवली. अंगणातल्या लिंबाच्या दिशेनं एकदा पाहिलं.

"काका, तुमीही इकडं या. मावशी, बसा. अंगावरच्या कपड्यानिशीच बसा. डोक्यावरून पाणी घ्यायचं हाये."