पाच मिलिमीटर

पंचफुलामावशीनं वाळक्या रोपांची मूठ ज्योतीच्या ओट्यावर आपटली. सोयाबीनची रोपं. बोटभर वाढून जागीच करपलेली.

“घे. तुह्या कागदाचं पीक,” ती म्हणाली. “तू म्हणलीस पेरा, आमी पेरलं. चोवीस दिवस झाले, आभाळातून थेंब न्हाई. माझं चार एकर गेलं, मालनबाईचं तीन. आता घरात बी बियाणं न्हाई अन् रानात ओल न्हाई.”

तिच्या मागं शेतीगटातल्या आणखी सात बाया उभ्या होत्या. आल्या तशा निघून गेल्या.

साखरा गावाच्या पुढं असलेल्या त्या वाडीत शेतीची पदवी घेतलेली ज्योती एकटीच. पावसाच्या जुन्या नोंदी इंटरनेटवर आता कुणालाही फुकट बघता येतात, हे तिला मे महिन्यात कळलं. त्यात चक्क वाडीच्या तलावावरच्या पाऊस मोजायच्या मापाचे बारा वर्षांचे आकडे होते. शहाण्णव ते दोन हजार सात, रोजच्या रोज. पुढं ते केंद्र बंद पडलं होतं. तालुक्याच्या गावी, सेनगावला, घेतलेल्या नोंदीत जूनच्या पहिल्या पावसानंतर तीन-तीन आठवड्यांचे खंड दिसत होते. वाडीच्या नोंदीत आठवड्याच्या वर एकही खंड नव्हता. सेनगाव लांब. तलाव तर आपल्या रानाला लागून. तिनं तलावावर भरवसा ठेवला आणि गटासाठी पेरणीचा तक्ता केला. पहिला मोठा पाऊस झाला की थांबायचं नाही, पेरून मोकळं व्हायचं.

बाया गेल्यावर ती लॅपटॉप घेऊन ओट्यावरच बसली. चूक सापडल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून. एका कोरड्या सालाचा जुलै काढला. सेनगावला सतरा दिवस शून्य. कळमनुरीला शून्य. हिंगोलीला शून्य. वाडीला पाच, चार, पाच, सहा, पाच मिलिमीटर. दुसऱ्या सालाचा काढला. तेच. तिसऱ्याचा काढला. तेच. चहूकडं सगळं रान तापत असताना वाडीवर तेवढा दर दोन दिवसांनी पाऊस पडत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“बाबा, हे बघा,” ती म्हणाली. किशनराव दाराशी दोरी वळत बसले होते. “कोण्या कारकुनानं घरी बसून हे लिहिलंय. माप बघायला जायची बी तकलीफ घेतली न्हाई त्यानं. आठ बायांचं रान जाळलं. मेला असंल तर सुटला. जिता असंल तर हुडकून काढीन मी त्याला.”

किशनरावांचे हात थांबले. ते तलावावर चौकीदार होते, एवढंच तिला ठाऊक होतं.

“कारकून न्हवता,” ते म्हणाले. “ते काम चौकीदारालाच करावं लागायचं. माझे आकडे हायेत ते.”

ज्योतीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“तुमी घरी बसून लिहिले?”

“न्हाई. रोज जायचो. सकाळी साडेआठाला, बराबर. एक दिवस चुकवला न्हाई. माप कोरडं असायचं. ते बघायचो अन् पाच लिहायचो.”

“काहून?”

“साहेब आला होता. म्हणला, इतकी शून्यं वर गेली तर दुष्काळ जाहीर करावा लागंल. मधीमधी चार-पाच लिहीत जा. माझी नोकरी कच्ची होती.”

“मी तक्ता करून राहिले होते तवा तुमी हितंच बसले होते. तवा काहून बोलले न्हाई?”

“मला वाटलं सेनगावचे आकडे असतील. आमच्या वह्या कवाच उधईनं खाल्ल्या असं धरून होतो मी. त्या कुणी वाचंल, असं वाटलंच न्हाई कवा.”

ज्योतीनं लॅपटॉप जवळ ओढला. साइटवर ‘चूक कळवा’ अशी एक जागा होती, ती उघडली आणि ती भराभरा लिहू लागली. या केंद्राचे बाराही वर्षांचे आकडे खोटे आहेत. ते काढून टाका. यावरून कुणी पेरणी करू नये, आमच्या वाडीनं केली. बोटं नुसती आपटत होती. संध्याकाळी हेच ती पंचफुलामावशीच्या दारात उभी राहून मोठ्यानं वाचणार होती.

“त्या साहेबाचं नाव सांगा. पूर्ण नाव.”

त्यांनी सांगितलं. तिनं ते लिहिलं.

“कवा सांगितलं त्यानं?”

“शहाण्णवच्या पावसाळ्यात.”

“अन् कुठवर होता तो हितं?”

“दिवाळीला बदली झाली त्याची.”

ज्योतीची बोटं थांबली. तिनं मान वर केली.

“मग पुढची अकरा वर्षं? दुसऱ्या साहेबांनी बी तेच सांगितलं?”

“चार साहेब झाले. एकानं बी वही बघितली न्हाई.”

“सांगितलं कुणी, ते इचारून राहिले मी.”

किशनरावांनी दोरी खाली ठेवली.

“कुणी न्हाई,” ते म्हणाले.

ती पुन्हा लॅपटॉपकडं वळली. मग तिनं साहेबाच्या नावापुढं लिहिलं, ‘एक पावसाळा’. आणि खाली नवी ओळ घेतली: ‘किशनराव खिल्लारे, माझे वडील. अकरा पावसाळे.’