संन्याशाला सुतक नाही

"आत या ना, बाई."

पण ती मठाच्या पायरीखालीच उभी राहिली. "नको माताजी, सुतक आहे. माझ्या वच्छीला तेवढं सांगा, तिचे वडील गेले."

मी निर्मळाताईंना बोलावलं. दीक्षा घेतल्यापासून वच्छीचं हेच नाव. त्यांनी उंबऱ्याच्या आतून सगळं ऐकलं, हात जोडले. "देवाची इच्छा. जपून जा, बाई."

घर सोडलं की आईलाही बाईच म्हणायचं, असा आमचा नेम.

"शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते गं!"

निर्मळाताईंचे हात जोडलेलेच राहिले. मग ती माझ्याकडे वळली. "दगड केलात हो माझ्या पोरीचा," म्हणाली आणि डोळे पुसत एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची पाळी निर्मळाताईंची होती. संन्याशाला सुतक लागत नाही, हे मीच त्यांना शिकवलेलं. त्या गाभाऱ्याच्या दारापर्यंत आल्या आणि तिथंच थबकल्या.

"आज दिवा तुम्ही लावाल का, माताजी? मला देवाला शिवायचं नाही."

मी नेमाची आठवण करून दिली नाही. काडीपेटी उचलली. त्या माउलीची एसटी केव्हाच सुटली असेल.