चौतीस इंच

"हे इतकं वर का आणलंत?" सविताने विचारलं.

पुंजा मिस्त्री हातात थापी धरून तसाच उभा राहिला. पाथर्डी फाट्याजवळच्या त्या अर्धवट रो-हाऊसच्या स्वयंपाकघरात ओट्याला आधार द्यायच्या विटांच्या तीन भिंती सकाळीच उभ्या झाल्या होत्या. सांध्यांतलं सिमेंट अजून ओलं होतं. सविता भिंतीला खेटून उभी राहिली. वरची वीट तिच्या कोपराला लागली. त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं, म्हणजे पातेल्याची कड थेट हनुवटीशी येणार होती.

"अठ्ठावीस ठरलं होतं ना, मिस्त्री? माझ्यासमोर टेप लावला होता तुम्ही."

"सायबांनी काल सांगितलं, ताई. चौतीस करा म्हणून. मी म्हणलं बी, ताईंना लय उंच होईल. तर म्हणले, तू कर."

सविताने बाहेर हाक मारली, "अहो, जरा आत या."

गोरक्ष आला तो खुशीतच. पुढच्या दर्शनी भिंतीला लावायच्या दगडाचे दोन नमुने त्याच्या हातात होते. विटांकडे आणि बायकोकडे एकदा बघून त्याने ते खिडकीत ठेवले.

"अगं, चौतीस म्हणजे स्टँडर्ड माप. घर बघायला पार्टी येते ती आधी किचन बघते. कुंभमेळ्यानंतर मुंबईची माणसं किती यायला लागलीत इकडे, बघतेस ना? एवढा ठेंगणा ओटा बघितला की त्यांना वाटणार, बांधकामात काहीतरी चुकलंय."

"आपण अजून राहायलाही आलो नाही इथे."

"म्हणूनच तर. विकायचा विचार बांधतानाच करावा लागतो."

सविताचा चेहरा तापला. पण आवाज तिने चढवला नाही.

"सिडकोतल्या घरात तुम्ही मला खिळा ठोकू दिला नाहीत, भिंत खराब होते म्हणून. विकलंत. इंदिरानगरला बाल्कनीत कुंड्या ठेवू दिल्या नाहीत, डाग पडतात म्हणून. तेही विकायला काढलंत. आता इथे दोन गाड्यांचं पार्किंग केलंत, आपल्याकडे स्कूटर आहे. नळाला तासभर पाणी येतं आणि वर बाथटब बसवताय. मी काही बोलले? सबंध घरात एक ओटा मागितला होता, माझ्या मापाचा."

"उगाच कशाला चिडतेस? लोकांसमोर."

सविताने डाव्या हाताची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी अजून गुलाबी होती, चुरगळलेल्या कागदासारखी.

"पाटावर उभी राहून वरण उतरवत होते मी. पाट सरकला. वीस दिवस दवाखान्यात होते. विसरलात?"

गोरक्षने क्षणभर मान खाली घातली. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "विसरेन कसा? त्याचाही विचार केलाय मी. या वेळी पाट चांगला रुंद करून घेऊ. खाली रबर लावून. अजिबात सरकणार नाही."

बाहेर कोणीतरी पाईप कापत होतं.

सविताने खांद्यावरची पर्स काढून खिडकीत ठेवली. पदर खोचला. वरच्या थरातली कडेची वीट दोन्ही हातांनी धरली आणि हलवली. वीट सुटली. तिने ती जमिनीवर टाकली आणि दुसरी धरली.

"सविता! वेड लागलंय का?"

तिसरी वीट पडली. तिच्या बांगड्यांवर सिमेंटचा राडा उडाला. गोरक्ष पुढे आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. नेमकं डावंच. ती कळवळली, तसा त्याने हात चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"मिस्त्री, तू बघत काय बसलास?" तो पुंजावर ओरडला. "सांग तिला, काम वाया जातंय."

"वरचे दोनच थर काढायचे, सायेब," पुंजा खाली बघत म्हणाला. "ओलं हाय तोवर निघतंय. उद्या फोडायला लागंल."

सिमेंटच्या मालाचं घमेलं घेऊन आलेली चिमणाबाई दारात थांबली होती. पेठ तालुक्याकडची बाई, चणीने सविताएवढीच. तिने घमेलं खाली ठेवलं, सविताच्या हातातली वीट घेतली आणि बाजूला रचली.

"तू कशाला मध्ये पडतेस?" गोरक्ष म्हणाला.

"सिमेंटानं हात फाटतील ना त्यांचे," चिमणाबाई म्हणाली आणि पुढच्या विटेसाठी तिने हात पुढे केला.

दोघींनी तिन्ही भिंतींचे दोन-दोन थर उतरवले. कोणी घाई केली नाही. गोरक्षने दगडाचे नमुने उचलले, पुन्हा ठेवले. एकदा दारापर्यंत जाऊन परत आला.

शेवटची वीट निघाल्यावर पुंजाने कानावरची पेन्सिल काढली. "ताई, आता टेप राहू द्या. पोळ्या लाटता तशा उभ्या ऱ्हावा."

सविता खोलीच्या भिंतीपाशी उभी राहिली. सिमेंटने माखलेले हात तिने पुढे केले, खांदे सैल सोडले आणि हवेत लाटणं फिरवलं. पुंजाने वाकून तिच्या तळव्यांखाली भिंतीवर रेघ ओढली.

"पुढे गिऱ्हाईक येईल," गोरक्ष म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "विचारेल, हा असा ओटा का. काय सांगू मी त्याला?"

सविताने हात खाली घेतले नाहीत.

"सांगा, इथे एक बुटकी बाई राहते."