दारावरची पितळी पाटी

"आई, कमानीपाशी बसू नका," सुनेने दबक्या आवाजात पुन्हा सांगितलं.

"का? पडणार आहे का माझ्या अंगावर?" नुकतीच वरच्या मजल्यावरच्या संडासातून कठडा धरत उतरलेली सासू तिथंच खुर्ची टाकून गुडघे चोळत बसली.

सुनेचं कशात लक्ष लागेना. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं लाल विटांचं घर. दारावर 'संरक्षित वास्तू' अशी पितळी पाटी. नवरा रोज सकाळी ती स्वतः पुसायचा. घरात खिळा ठोकायलाही परवानगी लागे, पण तोरा केवढा! आज वारसा समितीचा साहेब फेरतपासणीला आला होता. जुनेपण पटलं नाही, तर पाटी जाणार.

साहेब सासूच्या खोलीतून बाहेर आला. "आजी, पलंगाखालच्या खोक्यात जुन्या फरश्या आहेत का?"

"माझं सामान आहे. म्हातारीच्या खोक्यात नाक खुपसू नये."

साहेब हसला. "बाकी जिना, धुराडी, खिडक्या, सगळं मूळचं दिसतंय."

सुनेचा जीव भांड्यात पडला.

"खिडक्या कसल्या मूळच्या?" सासू म्हणाली. "पुढच्या दोन्ही आमच्या ह्यांनी नव्या बसवल्या. सुताराने हुबेहूब केल्या हो."

सुनेने तिला चिमटा काढला. "आईंना हल्ली नीट आठवत नाही."

"तुझी मावशी लग्नातून कुणाची चप्पल घालून गेली, तेही आठवतंय मला. आणि साहेब, ही कमान तर ढासळलीच होती. ह्यांनी सिमेंटात बांधून घेतली, वरून विटांची पूड चोळली." तिने काठीने वेल बाजूला सारला. तो वेल सुनेने मुद्दाम तिथं चढवला होता.

साहेबाने किल्लीने सांधा खरवडला. जुना चुना असता तर भुगा पडला असता. ओरखडाही उठला नाही.

"म्हणजे पुढची बाजूच नवी," तो म्हणाला. "वाईट वाटतं, पण पाटी उतरवावी लागेल."

साहेब गेला. नवरा पाटीकडे बघत पायरीवर बसून राहिला.

"तुमच्या जिभेला हाड नाही, आई," सून म्हणाली.

"मग काय सरकारी माणसाशी खोटं बोलू?" सासू खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने सुनेलाच वाईट वाटलं. म्हातारं माणूस, भाबडेपणाने बोलून गेलं. ती चहा घेऊन दाराशी आली. आत सासू फोनवर बोलत होती.

"हां, प्लंबर ना? उद्याच या. जिन्याखालीच बसवायचा, आता कुणाच्या बापाची परवानगी नको. कमोड केव्हाच आणून पलंगाखाली ठेवलाय."