दुपारची फेरी

दिवाळीनंतर पंधरा वर्षांच्या सुगंधाचं बोलणं हळूहळू आटलं, मग तिने शाळेत जाणंही सोडलं. चाळीतल्या बायका म्हणाल्या, बाहेरचं काहीतरी असेल, कुणाला तरी दाखवा. तिच्या बाबांनी कुणालाच दाखवलं नाही. संपात गिरणी गेल्यापासून ते घरीच होते. रोज दुपारी ते तिला आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसवत, शेवटच्या स्टॉपपर्यंत नेत आणि त्याच बसने परत आणत. वाटेत एक अक्षर बोलत नसत. बाहेर उंच गवतात म्हशी तरंगल्यासारख्या दिसत, झाडं मागे सरत, आणि सुगंधाला वाटे, बस चालतच नाहीये, रानच आपल्याला हातोहात पुढे देतंय. बाबांना काम नाही, म्हणून ते कसातरी वेळ घालवतायत, असं मात्र तिने मनाशी धरलं होतं.

एका दुपारी तबेल्यांच्या वळणावर तिच्या तोंडून शब्द निघाले. इतक्या महिन्यांनी ते तिचे तिलाच परके वाटले.

"बाबा, तुम्हाला कंटाळा नाही येत?"

बाबा तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "तुझ्याएवढा असताना मीही असाच गप्प झालो होतो गं. गावाला माझी आये मला रोज होडीत बसवायची, खाडीपलीकडे न्यायची आणि परत आणायची."

"मग?"

"मग एक दिवस मी तिला हेच विचारलं."