पाच घरचे तांदूळ

“पाच वर्षं पुरी झाली, की त्या दिवशीचा पहिला घास मागून आणलेल्या तांदळाचा. पाच घरचे मूठमूठ तांदूळ. विकतचे चालायचे नाहीत हो. दारात उभं राहायचं आणि तोंडानं मागायचं.”

सासूबाईंचे हे शब्द सकाळपासून हेमांगीच्या कानात होते. पेणच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीतल्या सातमाशी ईराकडे बघत वृंदाताई ते बोलल्या होत्या. त्याआधीची दोन बाळं हाती लागली नव्हती. मिठागरावरच्या गोदूबाईनं हा उपाय सांगितला होता. “मागून आणल्या तांदळाचं पोर देवाला गरिबाचं वाटतं गो. तो त्याला नेत नाय.” हेमांगीनं तिथल्या तिथे हात जोडले होते. म्हणाली होती, “मागीन.”

आज ईरा पाच वर्षांची झाली. पण पाच घरं आणायची कुठून? जर्मनीतल्या या इमारतीत राहून तीन वर्षं झाली, तरी जिन्यात मान हलवण्यापलीकडे कुणाशी ओळख नव्हती. समोरच्या म्हातारबुवांनी तर फोडणीच्या वासाबद्दल एकदा दाराला चिठ्ठी चिकटवली होती.

न्हाऊन, देवापुढे निरांजन लावून हेमांगीनं वाटी घेतली. दारापर्यंत गेली. कडीला हात लावला आणि परत आली. थोड्या वेळानं पुन्हा गेली, पुन्हा परत आली.

“ऑनलाइन मागव की,” फुगा फुगवता फुगवता श्रेयस म्हणाला. “तेही मागणंच.”

ती हसली नाही. मग त्यानं फुगा खाली ठेवला.

“अगं, इथे कुणी कुणाकडे चिमूटभर मीठ मागत नाही. उद्या अख्खी इमारत म्हणेल, यांच्या घरात शिजवायला दाणा नाही. दुपारी ईराच्या वर्गातली मुलं येतील, केक कापू, औक्षण कर. झालं की! देवाला काय कळत नाही, आपण परदेशात आहोत ते?”

“देवाला कळेल हो,” हेमांगी हळूच म्हणाली. “पण मी शब्द दिला तेव्हा देशाचं नाव नव्हतं घेतलं.”

परकर-पोलकं घातलेली ईरा टेबलाशी पाय हलवत बसली होती. “आई, माझा घास कधी येणार? पोटात भूक भूक होतेय.”

हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीला उपाशी ठेवून तिचा वाढदिवस! आणखी दहा मिनिटं बघायचं, नाहीतर डब्यातलेच तांदूळ धुऊन शिजत टाकायचे, असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात फोन वाजला. गावाहून, रोह्याजवळच्या वरश्याहून, वृंदाताई. पडद्यावर आधी त्यांचं कपाळ दिसलं, मग घामानं डवरलेला चेहरा.

“आजी!” ईरा ओरडली.

“शतायुषी हो गं बाई माझी! थांब, तुला गंमत दाखवते.” त्यांनी फोन खाली वळवला. पदराच्या ओच्यात तांदूळ होते. जाडे, बारीक, थोडे लालसर, सगळे एकमेकांत मिसळलेले.

“हे काय, आई?” श्रेयस पुढे झाला.

“पाच घरचे. आत्ताच फिरून आले. ती दिपिका, माझ्या हाताखाली शिकलेली, मला दारात बघून गोंधळलीच. म्हणे, ‘बाई, तुमी कशाला आलात? फोन करायचा, आमच्या मिथुनला पोतं घेऊन धाडला असता!’ म्हटलं, पोतं नको गो. मूठभरच दे, पण मी मागितल्यावर दे.”

श्रेयस बघतच राहिला. एकतीस वर्षं रोह्याच्या शाळेत शिकवलेली ही बाई. विरजण संपलं तर दूध तसंच ठेवील, पण शेजारी वाटी पाठवणार नाही. वडील गेले तेव्हाही तिनं कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं.

“पण आई, हे तांदूळ इथे कसे पोचणार?”

“नाही पोचायचे. तेवढं कळतं मला. हे देवापुढे ठेवीन.” वृंदाताई हसल्या. “अरे, तिथे परक्या मुलखात हेमांगीनं कुणाचं दार वाजवायचं? बिचारी दारापर्यंत जाईल आणि परत येईल. तिला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस, पोरीला जेवू घाल. ईरासाठी कुणीतरी हात पसरला, एवढं माझ्याकडून झालं.”

हेमांगीनं तोंडाला पदर लावला.

“एवढ्या उन्हात गेलीस? एप्रिलच्या?” श्रेयसनं विचारलं. “आणि पाय का असे चोळतेयस?”

“भाजले थोडे. मागायला जाताना पायात चपला घालतात का रे?”

फोन संपला. हेमांगीनं डोळे पुसले, वाटी उचलली आणि तिसऱ्यांदा दाराकडे वळली. श्रेयसनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

“शब्द मी दिलाय,” ती म्हणाली.

“मुलगी दोघांची आहे.”

तो बाहेर गेला. दार त्यानं अलगद लोटून घेतलं. पहिली घंटा समोरच्या म्हातारबुवांच्या दाराची वाजली.

बाहेर अजून हात गारठवणारी थंडी होती. दगडी जिना तर बर्फासारखा. काहीतरी पांघरायला द्यावं म्हणून हेमांगी लगबगीनं दाराशी आली आणि तिथंच थांबली. श्रेयसचे बूट मांडणीवर होते. घरातल्या सपाताही त्यानं उंबऱ्याच्या आत, एकीला एक लावून काढून ठेवल्या होत्या.